दादाच्या मापाची चकती

१२ जानेवारी

तीर्थरूप दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू 'बरंय' म्हणून मला वाटेला लावतोस, म्हणून हे पत्र. पत्र काही तुला मधेच ठेवता येणार नाही.

तुझ्या पाठीच्या एमआरआयची फिल्म मिळाली. वहिनीने ती फरशीच्या दोन नमुन्यांमध्ये घालून पाठवली होती, त्यामुळे आमच्या ऑफिसात सगळ्यांना वाटलं की मी घर बांधतेय. आमच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सर्जनबाईंना ती दाखवली. कंबरेतली शेवटून दुसरी चकती पार झिजलीय आणि मागे सरकून नसांवर दाबतेय. म्हणून तुझा डावा पाय सारखा मुंग्यांनी भरतो.

तू विचारलं होतंस की मी इथे कंपनीत बनवतेय ती कृत्रिम चकती कधी तयार होणार. दादा, ती तुझ्यासाठी नाही. आजवरच्या चकत्या पोटाकडून बसवाव्या लागतात. तिथे रक्ताच्या मोठ्या नळ्या असतात, त्या बाजूला ओढताना एखादी फाटली तर माणूस हातचा जातो. म्हणून मी दोन भागांत, कुशीच्या बाजूने सरकवता येईल अशी चकती करतेय. पण कोणतीही चकती बसवायची तर मणक्यांच्या मागचे छोटे सांधे धड लागतात. तुझे ते दोन्ही झिजलेत. इतकी वर्षं उकिडवं बसून फरश्या बसवल्यास, त्याचं हे बक्षीस. तुला साधं ऑपरेशनच करावं लागेल. दाब काढतील, दोन मणके सळयांनी जोडून टाकतील. ते लवकर कर.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागव हवं तर, पण डॉक्टरांकडे जा.

तुझी,
भिंगरी

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे, इंजिनियर झालीस तरी.

इथल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, तुझ्या वहिनीला विचार. तेही तेच म्हणाले. मी विचारलं, मणके जोडल्यावर जमिनीवर बसून काम करता येईल का? ते म्हणाले की आता कामाचा विचार सोडा, बसून करायचं काहीतरी बघा. आता माझं सगळं काम बसूनच तर असतं. हे त्यांना सांगितलं तर हसले.

भिंगरे, मला दुसरं काही येत नाही. मोठ्या दालनात शेवटची फरशी बसली की मी दारात जाऊन खाली वाकतो आणि उजेड कसा सरकतो ते बघतो. कुठे एक कोपरा वर असेल तर तिथे उजेड अडतो. ते बघायला वाकावं लागतं.

तेव्हा मी थांबतो. तू म्हणतेस मागचे सांधे धड नाहीत. मग सांध्यांसकट काहीतरी कर की. फरशी फुटली तर मी काय मालकाला सांगतो का की राहू द्या, नाही जमणार? साइटवर सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझी बहीण माझी पाठ नवी करून देणार आहे. आता माझी लाज तुझ्या हातात.

तब्येत सांभाळ, जेवणाच्या वेळा पाळ. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा

२० एप्रिल

तीर्थरूप दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुला लिहायचं नव्हतं, पण पोटात राहत नाही. तुझं पत्र वाचून मी आधी चिडले, मग रडले, आणि दुसऱ्या दिवशी कागद पेन्सिल घेऊन बसले. मागच्या सांध्यांचा भारही उचलेल अशी चकती. वरची पट्टी थोडी खोल, मधला प्लास्टिकचा गाभा एका बाजूला जाड, आणि हाडात घट्ट रुतायला पट्टीला दाते. साहेब आधी नाहीच म्हणाले. नंतर म्हणाले, करून बघ.

मशीनवर ती चकती रात्रंदिवस वाकतेय, पिळली जातेय. लाखो वेळा वाकली तरी झिजेची भुकटी अगदी नगण्य. सर्जनबाईसुद्धा दोनदा येऊन बघून गेल्या.

हे वाचून हुरळू नकोस. यशस्वी झाली तरी माणसांत बसायला काही वर्षं जातील. पण दादा, पहिल्यांदाच मला वाटतंय की होईल. जड उचलू नकोस. जांघेत बधिरपणा वाटला किंवा लघवी अडली तर त्याच क्षणी हॉस्पिटल, हे वहिनीलाही वाचून दाखव.

तुझी,
भिंगरी

९ ऑगस्ट

तीर्थरूप दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मशीन झालं, मग खरी हाडं आली. मृत्यूनंतर देह दान केलेल्या माणसांचे मणके. त्यांत चकती बसवून दाबायचं. तरण्या हाडांत ती छान बसली. तुझ्या वयाच्या आणि त्यापुढच्या हाडांत दाते जिथे रुतले तिथूनच मणका तडकला. दाते लहान केले तर चकती सरकते, मोठे केले तर हाड फुटतं. मधलं काही सापडलं नाही. मी सगळं करून पाहिलं.

काल साहेबांनी काम बंद केलं. रागावले नाहीत. मला कृत्रिम दात बसवायच्या स्क्रूंच्या विभागात बसवलंय.

दादा, आता थांबण्यासारखं काही उरलं नाही. एप्रिलमध्ये ते पत्र मी लिहायला नको होतं. उद्याच्या उद्या ऑपरेशनची तारीख घे. मी रजा काढून येते.

तुझी,
भिंगरी

१७ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही हॉस्पिटलात होतो. शेजारच्यांनी आज आणून दिलं.

परवा ते साइटवर फरश्यांचं खोकं उचलायला गेले आणि तिथेच बसले. दुखलं नाही म्हणाले, उलट दुखायचं थांबलं. घरी आल्यावर लघवी होईना. मी म्हटलं, भिंगरीने लिहिलंय, आत्ता चला. ते म्हणाले, सकाळी बघू. मी ऐकायला नको होतं, पण दुखत नाही म्हटल्यावर मलाही बरंच वाटलं गं.

ऑपरेशन झालं. सळया घातल्या. डॉक्टर म्हणाले, दाब फार वेळ राहिला. डावं पाऊल उचलत नाही, लघवीची नळी लावलेली आहे. सुधारेल का विचारलं तर म्हणाले, फार आशा धरू नका.

तुझ्यावर त्यांचा राग नाही. ते बोलतच नाहीत, कोणाशीच. तू लगेच येऊ नकोस, त्यांना आत्ता कोणी बघितलेलं नको आहे. मी कळवीन.

जीव लावतेस तसा लावत राहा.

वहिनी

२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशननंतर तुझी चार पत्रं आली. उत्तर दिलं नाही. लिहायला बसता येत नव्हतं हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं.

चौथ्या पत्रात तू लिहितेस की तुझ्यामुळे मी थांबलो. तसं नाही. तू जानेवारीतल्या पत्रातच नाही म्हणाली होतीस, आणि ते मला नीट कळलं होतं. मला थांबायचंच होतं. तुझी चकती नसती तर मी दुसरं काही शोधलं असतं. ऑपरेशन होईपर्यंत मी फरशीवाला होतो. सकाळी डबा घेऊन निघत होतो. ते महिने मला हवे होते आणि ते मी घेतले. त्यांची किंमत एवढी असेल असं वाटलं नव्हतं.

आता तुझी वहिनी शिवणकाम घेते. पावलाला पट्टा बांधून मी खिडकीपर्यंत जातो. नळी बहुधा कायमची आहे, डॉक्टर आता तो विषयच काढत नाहीत. साइटवरची माणसं सुरुवातीला यायची. त्यांना काय बोलावं कळत नाही आणि मला ते जावेत असं वाटतं, म्हणून हल्ली येत नाहीत. माझं अर्धं राहिलेलं ते मोठं दालन दुसऱ्याने पुरं केलं. कसं झालंय ते मी विचारलेलं नाही.

तू विचारतेस, येऊ का. नको असं लिहिणार होतो, दोनदा लिहून खोडलं. ये. पण येताना नवीन उपाय आणू नकोस, कुठल्या डॉक्टरांचं नाव आणू नकोस, आणि माफी मागू नकोस. माझ्याकडे द्यायला काही नाही आणि घ्यायलाही नाही. दुपारी तुझी वहिनी कपडे पोचवायला जाते, तेव्हा घर फार मोठं होतं. त्या वेळेला येऊन नुसती बस.

दादा