कमलची अडलेली शिष्यवृत्ती

परळ, मुंबई
रविवार, १८ ऑगस्ट १९५७

प्रिय कमल,

जयभीम, आणि तुझ्या आत्याचे आशीर्वाद.

आधी तुझी तब्येत. तापातून उठलीस एवढंच लिहिलंस, पण तोंडाला चव आली का, जेवण जातं का, ते राहूनच गेलं. यंदाच्या फ्लूनं चाळीत एकेका खोलीत अख्खी घरं आडवी पाडली, म्हणून विचारते. तुझ्या खोलीतली मृणालिनी दाढ काढून आली की अजून लवंग धरूनच बसली आहे? रेक्टरबाईंचा दमा पावसात उसळतो म्हणाली होतीस, त्या कशा आहेत? त्यांना माझा नमस्कार सांग. मी तुला भेटायला पुण्याला आले तेव्हा त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली होती, ते मी विसरलेले नाही.

इकडं तुझ्या आईची कंबर पुन्हा धरली आहे. चंपाला किती सांगितलं की पाण्याची कळशी आनंदाला उचलू दे, तर म्हणते, तो अर्धी जिन्यातच सांडतो. आनंदा बरा आहे, नुसता उंच होतोय. मी सूतिकागृहात नेहमीसारखीच. काल एकीला जुळं झालं, तर नवरा विचारतो कसा, आयाबाई, बक्षीस एकाचं घेणार की दोघांचं? तुझा बाप तसा ठणठणीत आहे. गिरणीत एक पाळी चुकवत नाही. फक्त हल्ली संध्याकाळी बाबासाहेबांच्या फोटोसमोर वंदनेला बसत नाही. गुडघा धरलाय म्हणतो. गुडघा धरलेला माणूस गच्चीपर्यंत जिने चढून एकटाच उभा राहतो, हे मला काही पटलं नाही. 

आता तुझ्या शिष्यवृत्तीचं. तुझा परत आलेला अर्ज आणि सोबतचं कॉलेजचं पत्र तुझ्या बापानं, बाबूनं, खिडकीपाशी उभं राहून वाचलं आणि माझ्या हातात दिलं. इंग्रजी मला अक्षर जुळवून जुळवून वाचावं लागतं, तरी कळायचं ते कळलं. गेल्या वर्षी तू जातीच्या रकान्यात महार लिहिलं होतंस, पैसे आले. यंदा बौद्ध लिहिलंस, पैसे अडले. अनुसूचित जातीची असल्याचा मॅजिस्ट्रेटचा दाखला महिनाअखेर दिला नाही तर शिष्यवृत्ती बंद, आणि वसतिगृहाची खोलीही सोडायची. तू खाली लिहिलं आहेस, आत्या, माझं चुकलं का? आणि त्याच्याही खाली, काहीतरी करा, मला शिक्षण सोडायचं नाही.

चुकलं नाही गं. दुसरं काय लिहिणार होतीस? डिसेंबरात बाबासाहेबांना निरोप द्यायला दादरच्या चौपाटीवर आपण सगळी उभी होतो. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होतीस आणि तुझा बाप रडत रडतच हात जोडून धम्मदीक्षेच्या शपथा म्हणत होता. त्याच आठवड्यात त्यानं देव्हाऱ्यातले टाक काढले. तुझ्या आजीनं गावाहून पदरात बांधून आणलेले ते टाक. चंपा म्हणाली, निदान सासूबाईंची आठवण म्हणून एक राहू द्या. तर तो म्हणाला, आठवण माणसाची ठेवायची, चंपा, भीतीची नाही. आणि समुद्राला देऊन आला. अशा बापाची पोर रकान्यात दुसरं काही लिहील कशी?

तरी म्हटलं, आपणच रडत बसण्यापेक्षा विचारून यावं. रजा काढून फोर्टातल्या सरकारी कचेरीत गेले. तिथले कारकून सज्जन निघाले. म्हणाले, बाई, ही शिष्यवृत्ती दिल्लीची. त्यांच्या यादीत जात आहे, पण ती हिंदू धर्मातली म्हणून धरली आहे. धर्म बदलला की नाव यादीतून गळतं. मी म्हटलं, साहेब, आम्ही धर्म बदलल्यावर घरमालकानं भाडं कमी केलं नाही की मुकादमानं शिव्या कमी केल्या नाहीत, मग सरकारलाच आम्ही एवढे वेगळे कसे दिसायला लागलो? ते हसले. म्हणाले, वरपर्यंत अर्ज गेलेत, उद्या नियम बदलेलही, पण तुमच्या भाचीची तारीख महिनाअखेरची आहे.

मग त्यांनीच खुर्ची पुढं ओढून मला नादारीचं समजावलं. फी माफ होते ती नादारी. तिला जात लागत नाही, धर्म लागत नाही. बापाचं उत्पन्न कमी असल्याचा दाखला लागतो आणि पहिल्या वर्षाचे मार्क बरे लागतात. अर्ज प्रिन्सिपॉलसाहेबांकडेच करायचा. उत्पन्नाचा दाखला गिरणीच्या कचेरीत मिळतो. पण नीट समजून घे, कमल. नादारीत फक्त फी सुटते. खोली, जेवण, पुस्तकं, हे सगळं शिष्यवृत्तीतून भागत होतं, ते नादारीतून भागणार नाही. ते कुठून आणायचं, हा प्रश्न घेऊनच मी घरी आले.

आणि येताना डोक्यात आला तो कौलांचा फंड. तुला ठाऊक आहे, आपल्या गावकीनं, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या आपल्या गावच्या सगळ्या माणसांनी, वाडीतल्या देवीच्या देवळावर कौलं घालायला वर्षानुवर्षं वर्गणी जमवली. आता देवळात जाणारं कुणी उरलं नाही आणि पैसे तसेच पेटीत पडून आहेत. पेटीची किल्ली खजिनदाराकडं. खजिनदार कोण, तर तुझाच बाप. म्हणून तर तो त्या पेटीचं नावही काढत नाही. मी विषय काढला, तर म्हणाला, अक्का, लोकांनी किल्ली माझ्याकडं दिली ती माझ्या पोरीसाठी नाही. पुन्हा बोलू नको.

तो बोलू नको म्हणाला, म्हणून मी गावकीत बोलले. आजच सकाळी बैठक झाली, त्याला आज रविवारचीही जादा पाळी होती तेवढ्यात. बायका नेहमी दाराबाहेर गॅलरीत बसतात आणि चहा आत पाठवतात, तुला माहीत आहेच. आज चहाबरोबर मीही आत गेले. आपले अध्यक्ष कोंडीराम, त्यांचा घसा समितीच्या मोर्च्यात मुंबईसह महाराष्ट्र म्हणून म्हणून पार बसलेला. खुणेनंच म्हणाले, काय रखमाबाई, बशी राहिली का? मी म्हटलं, तुम्ही मुंबई मिळवायला निघालात, मिळवा, पण आपल्या पोरीचं पुणं सुटतंय त्याचं काय? मग सगळं सांगितलं.

एक जण म्हणाला, ते पैसे देवीचे. दुसरा म्हणाला, देवी सोडून कधीचे झालात, तिचे पैसे बरे सुटत नाहीत तुम्हाला. तिसऱ्याला विहार बांधायचा होता. दौलत, तुझ्या बापाच्या गिरणीतल्या खात्यातला, तो मात्र टोचून बोलला. म्हणाला, खजिनदाराची पोरगीच बरी आठवली पहिली. खरं सांगते, कानशिलं तापली माझी. पण कोंडीरामांनी हात वर केला आणि त्या बसक्या आवाजात म्हणाले, पहिली आठवली कारण पहिली पोचली. आपल्या गावची दुसरी कुठली पोरगी कॉलेजात आहे, नाव सांग, तिलाही देऊ.  शेवटी ठरलं असं की तुझ्या जेवणाखोलीपुरतं फंडातून दरमहा द्यायचं, पुढं जे पोर मॅट्रिक होईल त्यालाही त्याच पेटीतून. अट दोन गोष्टींची. अर्ज तू स्वतःच्या हातानं गावकीच्या नावे लिहायचा, बापाच्या तोंडून नको. आणि ज्या घरानं कागदावर आपला धम्म नाकारला, त्या घराला हे पैसे नाहीत आणि त्या घराचं नाव गावकीतही राहणार नाही. ही दुसरी अट दौलतनं घातली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या घडीला मला काहीच माहीत नव्हतं.

घरी आले तर चंपा तांदूळ निवडत होती आणि त्यात डोळ्यांतलं पाणी पडत होतं. मला बघून तिनं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, वन्सं, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी शपथ घातली आहे. मग तिनं सांगितलं ते असं. बाबू दोनदा भोईवाड्याच्या कोर्टात जाऊन वकिलाला भेटून आला आहे. पुढच्या सोमवारी, सव्वीस तारखेला, तो मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहून शपथेवर सांगणार आहे की त्यानं दीक्षा घेतलीच नाही, तो हिंदू महार आहे आणि त्याची मुलगीही. कागद तयार आहे, फक्त सही बाकी आहे. तू काहीतरी करा लिहिलेला तो कागद त्यानं खिशात ठेवला आहे, कमल. चंपाला म्हणाला, एका सहीनं पोर शिकत असेल तर मी खोटा ठरलो तरी चालेल. पण वंदनेला बसवत नाही त्याला. गच्चीवर का जातो, ते आता तुलाही कळलं असेल.

आज तो पाळीवरून घरी आल्यावर मी त्याला गावकीचं सांगितलं. मान खाली घालून म्हणाला, दरमहा दौलतच्या तोंडाकडं बघत माझी पोर जेवणार नाही. सरकारचं घेऊ दे, सरकारचं घ्यायला लाज नाही. त्याचंही सगळंच चुकीचं नाही. शिष्यवृत्ती पुरी आहे, खात्रीची आहे. फंड आज आहे, भांडणं झाली तर उद्या असेल की नाही, मी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून तुला हे लिहिते आहे. चंपाची शपथ मी मोडते आहे, कारण तुझ्या नावानं जे सोडलं जाणार आहे, ते तुला न विचारता सोडलं जाऊ नये. तू फंड घेणार असशील तर गावकीला अर्ज लिही, प्रिन्सिपॉलसाहेबांकडं नादारीचा अर्ज टाक आणि बापाला स्पष्ट लिही की कोर्टात जाऊ नका. आणि शिष्यवृत्तीच हवी असं तुला वाटत असेल, तर तेही त्याला तुझ्याच हातानं लिही. मग सोमवारी मी त्याच्याबरोबर भोईवाड्याला जाईन, कोर्टात त्याच्या शेजारी उभी राहीन आणि चाळीत कुणी काही बोललं तर त्याचं मी बघेन. दोन्हीतलं काहीही ठरव, फक्त त्याला तिथं एकट्याला उभं करू नको. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. त्याच दिवशी उत्तर टाक, म्हणजे शनिवारपर्यंत त्याच्या हातात पडेल. तुझं अक्षर बघितल्याशिवाय तो कुणाचं ऐकणार नाही. लवकर लिही, बाळ.

तुझीच,
रखमा आत्या