शर्यतीत मी दुसरी आले

१ मे १९५३

प्रिय आई,

तुझं पत्र आणि मुरांब्याची बरणी पोचली. बाबांचा खोकला खरंच गेलाय, की मला बरं वाटावं म्हणून तू तसं लिहितेस?

आज कॉलेजात आमची चाकांची शर्यत झाली. शेवटच्या वर्षाच्या मुली काळे झगे घालून, काठीने लाकडी चाक हाकत उतारावरून पळतात. जी पहिली येते तिचं लग्न सगळ्यांआधी होतं म्हणे.

तुझी लेक सगळ्यांच्या पुढे होती. माझ्या खोलीतली मॅक्सीन मागून ओरडत होती, "लॉर्ना, हळू की जरा, तुला कसली घाई?" शेवटच्या वळणावर मी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि मॅक्सीन जिंकली. रिवाजाप्रमाणे पोरींनी तिला झग्यासकट तळ्यात ढकललं. निथळत बाहेर आली आणि म्हणाली, "आता नवरा तेवढा शोधून द्या."

शेजारच्या मळ्यावरच्या व्हर्ननची आई त्याच्या-माझ्या लग्नाची तारीख विचारेल. तिला सांग, लॉर्ना दुसरी आली. रसायनशास्त्राच्या बाईंनी मला पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत जागा देऊ केलीय. ते बाबांना तूच सांग, जेवण झाल्यावर.

आणि नव्या नाड्या पाठवू नकोस. तू ईस्टरला घेऊन दिलेल्या बुटांना नाडी नाहीच आहे.

तुझीच,
लॉर्ना