आजोबांच्या पियानोचा सूर

५ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गाणी आधी बाहेर फुटू नयेत म्हणून स्पर्धेच्या संयोजकांनी आमचे फोन जमा करून घेतलेत. आपल्याकडचे एक जण परत निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते.

ताई, भुंगी गुणगुणत नाहीये गं! ज्या पोरीला जन्मापासून गप्प बस म्हणून ओरडावं लागलं, ती खिडकीशी बसून नुसती बाहेर बघतेय. शनिवारी अंतिम फेरी. देशोदेशीची पोरं, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. आणि तालमीत वरच्या सुरातल्या ओळीला तिचा आवाज फाटला, दर वेळी. संगीत तू लिहून दिलेल्या पट्टीतच वाजवलंय म्हणतात. मग घरी हीच ओळ ती हसतखेळत कशी गायची? संगीत आता बदलता येत नाही, नियम आहे. डॉक्टर म्हणाले, घशाला सूज आहे, ताणलं तर आवाज कायमचा जाईल. माघार घेऊ म्हटलं तर हे म्हणतात, एवढ्या लांब येऊन? खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटतं.

तू म्हणशील तसं करते, पण लवकर सांग. माया कमी करू नकोस.

तुझी धाकटी

७ मार्च

प्रिय धाकटे, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि बाबांचा सूर जुळवायचा नादकाटा शोधून पियानोशी धरून वाजवला. अगं, पियानो अख्खा एक सूर खाली! बाबांनी लावलेला, म्हणून ते गेल्यापासून मी त्याला कोणाला हात लावू दिला नाही. सगळा सारखाच उतरत गेला आणि आपले कान त्याच्याबरोबर. मी कागदावर लिहिली ती पट्टी आपल्या घरात नव्हतीच; तिकडचं संगीत भुंगीला एक सूर वर पडतंय.

आजच माणूस बोलावून तारा ताणून घेतल्या. आता तो बाबांचा वाटत नाही, पण खरं बोलतो.

भुंगीला गाऊ देऊ नकोस. चूक माझी आणि घसा पोरीचा, हे मला चालायचं नाही. तुझे हे रागावले तर माझं नाव सांग, नाहीतरी मी त्यांना कुठे आवडते! कुरियरने पाठवतेय, वेळेत पोचो म्हणजे झालं. मुलीला जवळ घे.

तुझी ताई

१० मार्च

ती. मावशीस, शि. सा. न.

तुझं पत्र अजून आलं नाही. काल मी गायले. वरची ओळ आली आणि माझं तोंडच उघडलं नाही. संगीत एकटंच वाजत गेलं, मी कॅमेऱ्यांसमोर नुसती उभी. मग पुढची ओळ धरली. आमचा शेवटून पहिला नंबर! आई म्हणाली काही बिघडलं नाही, पण माझे केस तिने तीनदा सोडून पुन्हा विंचरले.

घसा बरा होईल, महिनाभर गायचं नाही. पण मावशी, सगळ्यांना वाटलं मला ते गाणं येत नाही. मला येतं ना गं? तू ऐकलंयस. महिना संपला की आजोबांच्या पियानोवर ते मी पूर्ण गाणार, तू वाजव. त्याच्यावर मला सगळं येतं. तोवर त्याला कोणाला हात लावू देऊ नकोस हं.

तुझी लाडकी (अजून आहे ना?)
भुंगी