राणीसाहेबांची अर्धी करंगळी

जुने शहर, अकोला
१८ नोव्हेंबर १९६४

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. हे पत्र शेषरावकाकाच तुम्हाला वाचून दाखवतील, हे धरूनच लिहिते आहे. काका, मधे थांबून पदरची पुस्ती जोडू नका. आणि बाबा, तुम्ही विडीचं निमित्त करून उठू नका. पाच वर्षांत मी तुम्हाला चार ओळी लिहिल्या नाहीत, तेव्हा आज सगळं एका बैठकीत ऐकून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या तीस मुली घेऊन मुंबईला गेले होते. मोठ्या बाई म्हणाल्या, समुद्र दाखवा, आणि जमलं तर ती राजाची बोट दाखवा. संस्थानं गेली, राजे घरी बसले आणि त्यांची बोट आता धक्क्याला बांधून ठेवली आहे. तिकीट काढून कुणीही वर चढावं. पाटीवरचं नाव मी दोनदा वाचलं. ते नाव मी लहानपणी तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा खोटं मानलं होतं.

वर काय होतं ते तुम्ही कधी पाहिलं नाही, म्हणून आधी तेच सांगते. राजाचा पलंग आपल्या अख्ख्या खोलीएवढा आहे. जेवणाच्या टेबलाला चहूबाजूंनी पितळेचा काठ आहे, बोट हलली तरी ताट मांडीवर येऊ नये म्हणून. मुलींना त्याचंच फार हसू आलं. तुम्ही म्हणायचे ना, वर गाणं चालू झालं की खाली भट्टीपाशी तुम्हाला नुसती पायांची धडधड ऐकू यायची? त्या नाचघराची फरशी मी पाहिली. तुमच्या डोक्यावर होती ती हीच.

मग आम्ही लोखंडी जिन्याने खाली उतरलो. इंजिन, भट्ट्या, आणि कोळशाच्या कोठीचं दार. त्या दारावर लाल रंगात एका पंजाचा ठसा आहे. त्यावर काच बसवली आहे आणि खाली पाटी. माहिती सांगणारा माणूस म्हणाला, बोट पाण्यात सोडली तेव्हा राणीसाहेबांनी कुंकवाचा हात उमटवला, तोच हा. दोन मुलींनी तर नमस्कारही केला. तेवढ्यात आमची जमुना, वर्गातली सगळ्यात आगाऊ, ओरडली, "बाई, राणीची करंगळी अर्धीच होती काय?"

बाबा, मी काचेशी वाकून पाहिलं. पंजा डावा होता.

जिनात, कापसाची सरकी काढायच्या यंत्रात, तुमची डाव्या हाताची अर्धी करंगळी गेली, काम गेलं, म्हणून तुम्ही मुंबई गाठली, हे कुणी नाकारत नव्हतं. तिथे राजाच्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचं काम केलंत, हे पुढचं कुणाला पटत नव्हतं. गावात पोळ्याला पाटलाचे बैल धुवायचे, त्यांच्या अंगावर गेरूचे पंजे उठवायचे, ते तुम्हीच. पण बैल दुसऱ्याचे. बोटीवर पोळ्याची आठवण आली, गेरू नव्हता, तेव्हा रंगाऱ्याच्या डब्यातला लाल रंग घेतला. "मायापाशी बैल नव्हता, मंग इंजिनालेच बैल मानलं," असं तुम्ही सांगायचे. साहेबाने भट्टीवरचे पंजे पुसायला लावले, दारावरचा एक राहून गेला, हेही सांगायचे. आता आपण ते सण सोडले, पण तो हात तिथे आहे.

माझी सोयरीक ठरली त्या दिवशी तुम्ही हीच गोष्ट अकोल्याच्या पाहुण्यांना सांगत होता. शेषरावकाका म्हणाले, "वलगावात नाल्याले पाणी नाई, अन् तू समुद्र सांगून राहिला काय गा?" सगळे हसले. आणि मी, तुमची शिकवलेली पोरगी, दारातून म्हणाले, बाबा, पुरे करा या थापा, मला लाज वाटते. तुम्ही पाहुण्यांना पान दिलं. लग्नानंतर आई दोनदा माझ्याकडे राहून गेली. तुम्ही एकदाही आला नाहीत. दरवर्षी सहा डिसेंबरला दादरला जायला बडनेऱ्याहून बसता, गाडी अकोल्याला थांबते, आणि मी घरात घड्याळाकडे बघत बसते. फलाटावर यायची हिंमत होत नव्हती.

बोटीवरच्या त्या माहिती सांगणाऱ्या माणसाला मी सांगितलं, हा माझ्या बाबांचा हात आहे. तोही हसला, अगदी शेषरावकाकांसारखा. मग मी जिन, पोळा, रंगाचा डबा, सगळं सांगितलं. मुली माझ्याभोवती गोळा होऊन ऐकत होत्या. हसू थांबवून तो म्हणाला, पाटी बदलायची तर तो हात आणून दाखवा.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. मी तुम्हाला खोटं म्हटलं ते चार माणसांत, म्हणून माफीही चार माणसांतच मागायला हवी. काका, हे पत्र विहाराच्या ओट्यावर पुन्हा एकदा मोठ्याने वाचा, कुणालाही वगळू नका. बाबा, माझं चुकलं. तुम्ही खरं सांगत होता. या सहा डिसेंबरला मीही तुमच्याबरोबर दादरला येईन, आणि दुसऱ्या दिवशी आपण बोटीवर जाऊ, आधी वरच्या जिन्याने, मग खाली. माझी चार वर्षांची माणिक बरोबर असेल, तिने अजून आजोबा पाहिले नाहीत. गर्दीत डबा सापडायचा नाही, तेव्हा अकोला आलं की डावा हात खिडकीबाहेर काढून ठेवा. आम्ही दोघी तो हात शोधत येऊ.

तुमचीच,
ललिता