करंजीच्या ओढ्यातला एक गुण

सोमवार, १५ फेब्रुवारी १९७१

दिवाळीनंतर आज ही वही उघडतो आहे. तीन महिने एक ओळ नाही — चूक माझी. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, आळस केला. आज मात्र लिहिल्यावाचून चैन पडणार नाही.

काल आमच्या मोटारसायकल मंडळाची वार्षिक स्पर्धा झाली. करंजी घाटाखालच्या ओढ्यावर पंच मी. दगडगोट्यांतून गाडी पलीकडे न्यायची; पाय जमिनीला टेकला की दर वेळी एक गुण वजा. पंचानं फक्त पायाकडे बघायचं. एवढंच काम!

गहिनीनाथ आला तेव्हा मी वाकून मोज्यातली कुसळं काढत होतो. मान वर केली तो गाडी पलीकडे. स्टँडजवळच्या गॅरेजातला हा फिटर. भंगारातली लाल जावा मोटारसायकल त्यानं स्वतः उभी केली आहे. तोवर आलेल्या सगळ्यांचे पाय टेकले होते, म्हणून मी ‘एक’ लिहिलं.

“किती, साहेब?”

“एक.”

त्यानं मागे वळून ओढ्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाला आणि गेला.

शेवटी बेरीज झाली — पाथर्डीकडचा कारभारी नावाचा पोरगा पहिला, गहिनीनाथ एका गुणानं दुसरा! बरोबरी झाली असती तर ओढ्यात कमी गुण गेलेला पहिला, असा नियम; म्हणजे तोच. पुण्याच्या स्पर्धेला मंडळातर्फे एकच जण जातो. त्यासाठी गहिनीनाथ सहा महिने रोज पहाटे घाटात जाऊन सराव करत होता. कप कारभारीला मिळाला, आता पुण्यालाही तोच जाईल.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

मंडळाचे नियम मीच लिहिले. कलम नऊ : पंचाला शंका असल्यास फायदा स्पर्धकाला.

गहिनीनाथच्या मागून लष्करातले मेजरसाहेब आले होते. धुळीत त्यांचा पायही मला दिसला नाही. त्यांना मी शून्य दिलं. लगेच, बिनदिक्कत. मग गहिनीनाथला एक का? तो तेलकट पायजम्यात होता म्हणून? हात चालला तसं लिहिलं, म्हणू? हातही माझाच.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

आबासाहेबांच्या ऑइल इंजिनच्या दुकानात गेलो. मंडळाचे अध्यक्ष ते, म्हणून सगळं सांगितलं.

“अहो सेक्रेटरी, कारभारीची गावात मिरवणूक निघाली. लेझीम, हार, सगळं झालं. आता काय कळवायचं — आमच्या पंचाच्या मोज्यात कुसळ होतं?”

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो!

“आणि गहिनीनाथनं तक्रार केली का? अर्ध्या तासाची मुदत होती. नाही ना? मग सोडा.”

नियमानं बरोबर. तीही मुदत मीच घातलेली.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

गॅरेजवरून दोनदा सायकल नेली. थांबलो नाही.

रविवार, २१ फेब्रुवारी

आज थांबलो. गहिनीनाथ आबासाहेबांचीच बुलेट उघडून बसला होता. मंडळातल्या सगळ्यांच्या गाड्या त्याच्याकडेच येतात.

उभ्या उभ्याच म्हणालो, “गहिनीनाथ, त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं. अंदाजानं एक लिहिला.”

त्यानं हातातला पाना खाली ठेवला नाही.

“टेकला हुता की, साहेब.”

“खरं सांगतोस?”

“मंग? पाय माझा, मला ठावं नसंल व्हय? डावा, मधल्या धोंड्यावर. म्हनून तर गप बसलो. तुमी उगं जिवाला लावून घिऊ नका. च्या घेता?”

घेतला. दोन कप! छातीवरचा धोंडा उतरला. वाटेत मात्र मनात आलं — पाय टेकला असेल, पण मी पाहिला कुठे होता? आणि मेजरसाहेबांचं शून्य? ते आहेच. तरीही आज जेवण गोड लागलं. हीही लाजच.

बुधवार, २४ फेब्रुवारी

विहिरीच्या अर्जासाठी रंगुबाई म्हणून एक बाई आमच्या तहसील कचेरीत आल्या. ओढ्याकाठचं शेत त्यांचं. मला पाहताच ओळखलं.

“पंच तुमीच न्हवं? त्या जुन्या लाल गाडीवाल्यालाच कप दिला आसंल?”

“का हो?”

“का म्हंजी! बांधावर बसून आमी समद्यांचं पाय मोजलं. बाकीची कोंबडीवानी उकरीत गेली. त्यो येकलाच न टेकवता गेला. आमच्या सुनंनं टाळ्या पिटल्या, तवा तुमी खाली वाकून काय हुडकीत हुता?”

म्हणजे गहिनीनाथ खोटं बोलला. माझी लाज राखायला — की मंडळाच्या गाड्यांचं काम हातचं जाईल म्हणून? आणि वर मला चहा पाजला!

उद्या : पाथर्डीच्या पहिल्या एसटीनं कारभारीच्या गावी जाऊन कप परत मागणे.