बोट कुठली घ्यायची

२० ऑक्टोबर १९८५, रविवार

सगळ्यांत आधी आली ती सुंदराबाई! मालाडहून, सकाळी नऊच्या आत. मी अजून नातीचं डोकं विंचरत होते. माझी विहीण ती, सुनेची आई. म्हणाली, सहज आले. पण चप्पल काढायच्या आधीच — "बोटीनं जाताय म्हणे?" म्हणजे नलिनीनं आईला कळवलं! पोर चांगली आहे आमची नलिनी, पण तोंड म्हणजे नळ. आमचा कांजूरचा नळ तरी चारला येतो नि सहाला जातो.

झालं असं. काल दशरथ ऑफिसातून आला नि म्हणाला, आई, सरकार यंदा मला फिरायला खर्च देतंय. आईबापालाही चालतं. तू आणि बाबा दोघंच जा. बोटीनं जा. चार दिवस गप्प बसून या.

दोघंच! माझ्या पिठात पाणी जास्त पडलं. पोळ्यांच्या आंबोळ्या झाल्या.

सुंदराबाई उठली ती पिशवीतून एक पितळी स्टोव्ह काढून. "रत्नागिरीला बोट लागली की माझा भाऊ येईल धक्क्यावर, एवढं त्याला द्या." अजून कुठली बोट ते ठरलं नाही, तर स्टोव्ह आला. दुपारी शेजारची सुगंधा आली. तिची सासू गावी नेऊन सोडायची आहे म्हणे. सासू!

२१ ऑक्टोबर

पोरं शाळेत, धाकटी झोपली. तांदळाच्या पिंपावर वही ठेवून लिहिते आहे.

मला बोट का पाहिजे ते कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिते.

ह्यांना ऐकू येत नाही. तीस वर्षं मिलमध्ये साच्यावर होते, त्या खडखडाटानं कान गेले. संपानंतर मिल गेली, पण कान काही परत दिले नाहीत. ह्यांना काही सांगायचं तर ओरडायचं. हे उत्तर देणार तेही ओरडून. दोन खोल्या, सात माणसं, मधे पडदा. "मीठ कमी आहे" म्हटलं तरी आख्ख्या चाळीला कळतं कुणाकडे मीठ कमी आहे.

आणि ह्यांनी ठरवलंय, चैत्रात कायमचं गावी जायचं. देवगडच्या पुढं आमचं घर. भावाला निरोप गेला, घराचं छप्पर शाकारणं चालू आहे. सगळ्यांना सांगून झालं — आम्ही दोघं जाणार. मला कुणी विचारलं नाही.

मला जायचं नाही.

लिहिलं एकदा! छबी झोपेत माझ्या लुगड्याचं टोक धरून आहे. ही मूठ सोडवून मी कुठं जाऊ? विहिरीवर? जावेच्या हाताखाली?

पण हे सांगायचं कसं? चाळीत ओरडून सांगितलं तर उद्या सगळे म्हणणार, काशीरामाची बायको त्याचं ऐकत नाही. नोकरी गेली, आता शब्द तेवढा राहिलाय माणसाजवळ. तो चारचौघांत कसा पाडू?

म्हणून बोट.

२२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटलं. श्रीखंड केलं. नातवानं, बाळ्यानं, चक्क्याचं फडकंसुद्धा चाटलं.

२४ ऑक्टोबर

मार्सेलिना आली होती, गावठाणातली माझी मैत्रीण. तिचा जॉनी परदेशी बोटीवर ताटं उचलतो. तिला सगळं माहीत.

म्हणाली, "जॉनीच्या कंपनीची एक बोट अशी हाय, पोराटोरांना चढूच देत नाय. सगली म्हातारी. दिसभर खुर्चीवर पडायचं, दर्या बघायचा. कोन कोनाशी बोलत नाय."

"मग करतात काय?"

"काय नाय गो! त्याचेच पैशे देतात."

मी इतकी हसले की चहा सांडला. मग मला हसू येईना. काहीच करायचं नाही, कुणी हाक मारायची नाही. असं पण असतं तर.

"तू नी तुजा म्हातारा काय करशाल ततं?"

मी म्हटलं, बोलू.

"इतं बोलाला काय झालं?"

तेवढ्यात हे आतून ओरडले, "माजो टॉवेल खंय गो?" नि पलीकडच्या खोलीतून सुगंधाचा दीर म्हणाला, "काका, दोरीवर आहे!" मार्सेलिनानं माझ्याकडे बघितलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

दशरथनं दोन बोटींचे कागद आणले. इंग्रजी. माझी थोरली नात प्रेमा सहावीत आहे, तिनं वाचून दाखवले. काय फाडफाड वाचते! मधे मधे अडते, पण अडल्यासारखं दाखवत नाही. माझ्यावर गेली.

एक आपली गोव्याची बोट, भाऊच्या धक्क्यावरून. ती मला नवी नाही. लग्न होऊन मी त्याच बोटीनं मुंबईत आले, देवगड ते मुंबई ओकत. दुसरी कोचीनहून सुटते, बेटांवर जाते. पाच दिवस. दोघांना एक खोली, आत दोन पलंग, खिडकी गोल. बारा वर्षांखालची मुलं चालत नाहीत असं छापलेलं आहे. प्रेमानं ते दोनदा वाचलं.

दशरथ म्हणाला, "गोव्याची बरी. आपली माणसं असतात."

तीच तर अडचण! गोव्याच्या बोटीवर वरपासून खालपर्यंत आपलीच माणसं. हे डेकवर ओरडले की मागच्या टोकाचा माणूस म्हणणार, अरे काशीराम की काय! शिवाय देवगडला बोट उभी राहिली की दीर पडावातून येणार, दादा उतर, वैनी उतर. सासरच्या बंदरावरून न उतरता पुढं जायची माझी छाती नाही.

मी विचारलं, "त्या कोचीनच्या बोटीवर मराठी माणसं असतात?"

"कशाला असतील? मद्रासी, गोरे."

झकास! आपली भाषा कुणाला येत नाही. मग काय वाटेल ते ओरडा. मी म्हटलं, मला ती गोल खिडकीची पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा दोन वस्तूंतली एक मी निवडली. दशरथ बघतच राहिला.

हे म्हणाले, "काय म्हणता ती?"

शेजाऱ्यांसकट आठजणांनी मिळून सांगितलं.

३० ऑक्टोबर

बोटीची वाट कशाला बघायची, म्हणून आज ह्यांना पवई तलावावर घेऊन गेले. खोटं सांगितलं, देवीला नवस आहे. छबी कडेवर होतीच. काठावर एकच माणूस, गळ टाकून बसलेला, लांब. मी म्हटलं हीच वेळ.

"मला तुमच्याशी बोलायचंय."

"काय?"

"बोलायचंय! गावाबद्दल!"

"मोठ्यान बोल!"

गळवाला मागं वळला. "आजोबा, त्या गावाबद्दल म्हणतायत. गाव कुठलं तुमचं?" हे म्हणाले देवगड. तो गळ सोडून उठला. त्याची मावशी तिथलीच! मग एक तास दोघं बोलले. ह्यांनी त्यालापण सांगितलं, चैत्रात जातोय आम्ही, हिला कधी जाते असं झालंय.

मी छबीला मासे दाखवले.

३ नोव्हेंबर, रविवार

ह्यांनी दिराला पत्र सांगितलं, मी लिहिलं. ह्यांना अक्षर येत नाही, मी बायकांच्या वर्गात शिकले तेव्हापासून सगळी पत्रं माझ्याच हातची. "लिही, चुलीची बाजू नीट करून घे, तुज्या वैनीची कंबर दुखता." मी लिहिलं. "लिही, तिची पण खूप इच्छा आसा."

तेही लिहिलं. पेन अडलं नाही, हात अडला नाही. माझ्याच अक्षरात माझी इच्छा गेली गावाला! पेटीत टाकताना वाटलं, हात पेटीत घालून परत काढावं. हात जात नाही आत. बघितलं मी.

८ नोव्हेंबर

फराळाचं. चकल्या मोडल्या. लिहायला वेळ नाही.

१४ नोव्हेंबर, भाऊबीज

गोल खिडकी गेली.

कुणी काढून घेतली म्हणू? कुणीच नाही. मीच दिली. दशरथ अर्ज भरायला बसला, नलिनी कोपऱ्यात गप्प. ती गप्प म्हणजे काहीतरी आहे. मग म्हणाली, "आई, मुलांना मी काय सांगू? आजीला मुलं नको होती म्हणून?" लागेलसं बोलली नाही हो ती, रडवेली होऊन बोलली. लग्नाला बारा वर्षं झाली, तिनं पण कुठं काय बघितलंय? आणि बाळ्यानं विचारलं, "आजी, तू गेल्यावर मला गरम पाणी कोण काढून देणार?" छबी तर नुसती आजी आजी करून गळ्याला पडली. दीड वर्षाची माझी बाय, तिला बोट म्हणजे हाताचं बोट. माझं धरून बसली.

ह्यांचं म्हणणं वेगळंच. "दोन दिवस गाडीन जावन नारळ बगूचे? माज्या दारात नारळ नाय काय?"

मी म्हटलं, बरं. चला सगळीच. गोव्याच्या बोटीनं.

काय आनंद झाला पोरांना! बाळ्या पलंगावरून उड्या मारत होता. मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण मोरीत भांडी घासताना तेच एक पातेलं किती वेळ घासलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आठ तिकिटं झाली. आम्ही सात, आठवी सुंदराबाई. "स्टोव्ह मीच घेऊन येते मग!" म्हणाली, जसे माझ्यावर उपकार. सुगंधाची सासूपण येते म्हणत होती, तिला तिच्या मुलानं वेगळं तिकीट काढून दिलं, पण लक्ष आम्ही ठेवायचं. हे चाळभर सांगत फिरतायत. छप्पर बघून येतो, चैत्रात जायचंच आहे.

दशरथ म्हणाला, "बघ आई, किती मजा येईल!"

हो रे राजा.

२२ नोव्हेंबर

आज काय झालं! सकाळी सुंदराबाई आली मुक्कामाला, उद्या पहाटे धक्क्यावर जायचं म्हणून. एकटी नाही. बरोबर तिची बहीण विमला आणि विमलाचे यजमान भीमराज, दोन ट्रंका, एक वळकटी. "आम्ही पण येतो म्हटलं, धक्क्यावर तिकिटं काढू."

दशरथ तोंडावर हात मारून बसला. सुट्टीचे दिवस, बोट कधीच भरली. आता बायकोच्या मावशीला नि मावसोबांना ट्रंकेसकट दारातून परत पाठवायचं? आपल्यात असं कुणी केलंय? नलिनीचा चेहरा एवढासा झाला. भीमराज वळकटीवर बसून म्हणतात, "काही हरकत नाही, आम्ही उभ्यानं जाऊ." रात्रभर उभ्यानं!

मी पोहे परतत होते. एकदम माझ्याच तोंडून आलं, "आमची दोन द्या त्यांना."

दशरथ म्हणाला, "आई, तुझ्यासाठी तर काढलं सगळं!" सुंदराबाई म्हणाली, "छे छे, असं कसं," पण ट्रंक आत ढकलली. मी कढईत बघत राहिले. हसू येत होतं ते कुणाला दिसायला नको.

ह्यांना विचारलं नाही. त्यांनी तरी मला कुठं विचारलं होतं?

२३ नोव्हेंबर, शनिवार

गेली सगळी. पोरांच्या अंगावर स्वेटर, हातात लाडूचा डबा. छबी नलिनीच्या खांद्यावरून हात करत होती, माझा जीव खालीवर. दोन टॅक्सींत आठ जण नि ट्रंका कोंबल्या.

ह्यांना मी उठवलंच नव्हतं. उजाडल्यावर जागे झाले, टोपी घातली, बॅग घेतली. "चला!"

"बोट भरली!" मी ओरडले.

"मगे दशरथ कसो गेलो?"

काय सांगणार! म्हटलं, आधी चहा घ्या. खोली किती मोठी आहे आमची. कधी दिसलीच नव्हती. शेजारी सुगंधाकडे कुलूप, सगळी सासूला धक्क्यावर पोचवायला गेलीत, तिथूनच सुगंधाच्या भावाकडे. पलीकडे पण लग्नाला गेलेत. मी दार लावलं. खिडकी लावली. ह्यांच्या समोर पाट मांडून बसले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं! माका गावाक येवचा नाय, सगळ्या ताकदीनं. तेव्हापासून भांडतोय आम्ही, लग्नानंतर असे कधी भांडलो नव्हतो. काल जेवले नाहीत. आज चहा स्वतः केला, माझा कप पुढं सरकवला नि म्हणाले, "मगे मी एकटो थंय काय करू?" उत्तर अजून दिलेलं नाही. मंडळी गुरुवारी येतो म्हणालीत.