पाखऱ्याचं आवतन

२ सप्टेंबर २०१५, बुधवार. केज

लहानपणी रेडिओवरच्या गुप्तहेराकडे गिऱ्हाईक यायचं, तेव्हा आधी जिन्यावर बूट वाजायचे. आज माझ्या जिन्यावर तसेच वाजले. दूध संघाचे चेअरमन भगवानराव!

"आमच्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर धोंडीराम नाहीसा झालाय. शोधा. तुमी लई माग काढता म्हणं."

पोलिसात का नाही गेलात, म्हटलं.

"आपलं घरचं माणूस हाय वो."

जाताना भिंतीवरच्या मन्मथस्वामींच्या तसबिरीकडे बघून म्हणाले, "दर सोमवारी कपिलधार. चुकत न्हाई तुमचं." हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

५ सप्टेंबर

धोंडीरामच्या घरी गेलो. बायडाबाई दारातच आडवी. कुंकू ठळक, डोळे सुजलेले.

"कावून शोधता? त्यांनीच धाडलं न्हवं तुमाला? बैल छावणीत हाय, त्यालाच इचारा!"

दार आपटलं.

६ सप्टेंबर

टोमणा खरा मानून दुष्काळाच्या चारा छावणीत गेलो. धोंडीरामचा बैल पाखऱ्या म्हातारा झालाय. पुढ्यात ऊस, पण तोंड लावत नाही, वाटेकडे बघतो.

शनिवारी पोळा. आदल्या सांजेला खांदेमळणी, धन्याने आपल्या हाताने बैलाचे खांदे चोळायचे. धोंडीराम कुठंही असो, येणारच.

७ सप्टेंबर, सोमवार

कपिलधार, स्वामींची समाधी. धबधब्याचा कडा कोरडा, काळा पडलेला. हात जोडले, पण मन लागेना. सापडला तर त्याला कोणाच्या हाती देतोय मी?

८ सप्टेंबर

भगवानरावांचा फोन. "मिळाला का?" नाही म्हणालो. खोटं नव्हतं. पण खांदेमळणीचं बोललो नाही.

११ सप्टेंबर, शुक्रवार

आला! तोंडाला उपरणं. मुठीत तूप-हळद. पाखऱ्याचे खांदे चोळत होता, जोखडाचे जुने घट्टे हळूहळू. मग कानाशी वाकून — "आज आवतन घे, उद्या जेवायला ये."

मी शेजारी जाऊन बसलो. तो पळाला नाही.

"मारा. पण उद्या ह्याला पोळीचा घास भरवू द्या."

मारायला आलो नाही, म्हटलं. मग बोलला. गावाच्या नावावरचे टँकर चेअरमनच्या मोसंबीच्या बागेत रिकामे व्हायचे. गावात बाया रिकाम्या घागरी घेऊन रांगेत. कलेक्टरला सांगतो म्हणाला, तर टँकरखालीच घालायला निघाले त्याला.

फाटकाशी चेअरमनची जीप. माझ्या मागावर आली होती! मी त्यांचा माग काढणारा कुत्रा!

मागच्या बाजूने मकसूदचा टेम्पो आणवला. मकसूद गॅरेजवाला, माझा जुना मित्र. धोंडीरामला कडब्याखाली घातलं.

"वास कुणाचा येतोय बे," मकसूद म्हणाला, "बैलाचा का तुझा?"

हसलो.

१२ सप्टेंबर

पोळा. पाखऱ्याला घास बायडाबाईने भरवला. खाल्ला.

१३ सप्टेंबर, रविवार

भगवानरावांचा फोन. आवाज मऊ.

"धोंडीराम बैलापायी आला. तुमी देवापायी येताल. तितंच इचारू, कुठं ठेवलाय त्याला. आमची समदी माणसं दर्शनाला हायेत उद्या."

मकसूद म्हणतो, जाऊ नको. एक सोमवार चुकला तर स्वामी रागावतील होय?

नाही रागावणार. पण मी गेलो नाही, तर ती सगळी माणसं धोंडीरामच्या वाटेवर, बीडच्या रस्त्यावर येतील.

१४ सप्टेंबर, सोमवार

धोंडीराम मकसूदबरोबर बीडला निघाला. कलेक्टर आज भेटणार आहेत.

अंघोळ झाली. भस्म लावलं. मी कपिलधारला निघतो.